एलिसेओ नावाचा डोंगर

आमच्या ला होयिताच्या खोऱ्यात डोंगरांना माणसांची नावं आहेत, आणि ती सगळी माणसं मेलेली आहेत. बाहेरचे लोक नकाशे काढायला येतात आणि विचारतात, "हा इलारिओ कोण हो? संत की राजा?" कुठला संत आणि कुठला राजा! इलारिओ शेळ्या राखायचा, चार पैसे मिळाले की प्यायचा, आणि वीज पडून गेला. शेजारची बोडकी टेकडी म्हणजे कासिल्दा, सरपणाला गेलेली पोरगी, ती परत आलीच नाही. आमचे पूर्वज दक्षिणेतून आले तेव्हा त्यांच्याकडे मेंढ्या होत्या, स्पॅनिश भाषा होती आणि संतांची एक भलीमोठी माळ होती. ती माळ नद्यांना आणि गावांना वाटता वाटताच संपली. डोंगरांच्या वाट्याला मग साधी माणसं आली.

डोंगरानं माणूस नेला, की माणसाचं नाव डोंगराला द्यायचं, असा इथला रिवाज. एकदा दिलेलं नाव खोऱ्यात पुन्हा कुठल्याही पोराला ठेवत नाहीत. "आज इलारिओवर ढग आहेत, कपडे आत घ्या," असं बोलता बोलता नाव घेतलं तर त्यात काही नाही. पण मेलेल्याच्या घरचं कुणी अंगणात उभं राहून त्या नावानं हाक मारलीच, तर ऐकणाऱ्यानं हातातलं काम टाकायचं, टोपी काढायची, त्या डोंगराकडे तोंड करायचं आणि म्हणायचं, "त्याला विसावा मिळो." पोरंसोरंसुद्धा हे चुकत नाहीत. पाद्रीबुवा वर्षातून दोनदा येतात, त्यांना हे फारसं आवडत नाही. पण ते वर्षातून दोनदाच येतात.

तर ऊर्सुलाचा मुलगा एलिसेओ डोंगर कसा झाला, ते सांगतो.

तो एका शरदात शेवटचा कळप खाली आणायला वर गेला. बर्फ लवकर पडलं. मेंढ्या आल्या, कुत्रं आलं, एलिसेओ आला नाही. गावानं जमेल तितकं शोधलं, मग बर्फानं वाट बंद झाली. वसंतात पुन्हा शोधलं. हाडं नाहीत, चिंधी नाही. गावातला सगळ्यांत वडीलधारा क्रेसेन्सिओ. पाद्री नसताना प्रार्थना तोच म्हणायचा आणि पाटाचं पाणीही तोच वाटायचा. तो म्हणाला, "ऊर्सुला, हाडं नाहीत तर नाव नाही. जिवंत माणसाचं नाव डोंगराला दिलं तर डोंगर त्याला कधी ना कधी ओढून नेतो. माझ्या आजोबांनी सांगितलंय."

हाडं मिळेनात तशी तोंडं सुटली. पाण्याला जाणाऱ्या बायका बोलायला लागल्या. त्यांत पेत्रा सगळ्यांत पुढे, आमची पेत्रा म्हणजे गावाची तुतारी. "अगं कुठला मेला! उत्तरेला खाणींत पैसा मिळतो म्हणतात. गेला असेल पळून. बायकोला कंटाळला असेल, नाहीतर आईला." ऊर्सुला हंडा भरायची आणि मुकाट्यानं घरी यायची. घरी सून देल्फिना बसलेली असायची. वय कोवळं, लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती. धड बायको नाही, धड विधवा नाही. काळं नेसावं तर लोक म्हणायचे, जिवंत नवऱ्याचं सुतक धरते. रंगीत नेसावं तर म्हणायचे, हिला बघा. ती खिडकीशी बसून दिवसदिवस डोंगराकडे बघायची. ऊर्सुलाला तिची दया यायची, आणि तितकाच रागही यायचा. रात्रंदिवस समोर बसून कुणी अशी वाट बघायला लागलं, की आपलंही काळीज कुरतडलं जातं.

दुसऱ्या उन्हाळ्यात मेंढपाळांना एका घळीत माणूस सापडला. उरलं होतं ते कोल्ह्यांनी सोडलेलं. पण अंगावर मेंढीच्या कातड्याचा कोट होता, आणि काखेत निळ्या दोऱ्याची शिवण होती. ती शिवण ऊर्सुलाच्या हातची.

क्रेसेन्सिओनं तिला आणि देल्फिनाला वर नेलं. क्रूस तिच्यासमोर धरला. "शपथेवर सांग. हा तुझा मुलगा?"

ऊर्सुलानं कोट पाहिला. मग तोंडाकडे पाहिलं. एलिसेओचा पुढचा दात लहानपणी खेचरानं लाथ मारून अर्धा तोडला होता. या माणसाचे सगळे दात शाबूत होते, शेंगेतल्या दाण्यांसारखे ओळीनं.

तिनं मान वर केली तर देल्फिना तिच्याकडे बघत होती. त्या पोरीच्या डोळ्यांत दुःख नव्हतं. सुटका मागत होते ते डोळे, भिकाऱ्यानं भाकरी मागावी तसे. आणि खरं सांगायचं तर ऊर्सुलाही थकली होती. आशा धरून ठेवायलासुद्धा माणसाला ताकद लागते. तिनं आपली शाल काढून त्या तोंडावर पांघरली आणि म्हणाली, "माझाच आहे. शपथेवर."

दात पाहिलेच नाहीत, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. घळीत अंधार होता, तिचे डोळे अधू होते, असंही ठरवलं. माणूस मनात आणलं तर काय काय ठरवू शकतो!

सगळं गाव वर चढलं. प्रत्येकानं एकेक दगड टाकून ढीग रचला, त्यावर क्रूस रोवला. क्रेसेन्सिओनं डोंगराला हाक मारून सांगितलं की आजपासून तुझं नाव एलिसेओ. लोकांनी टोप्या काढून विसावा मागितला. पेत्रा सगळ्यांत मोठ्यानं रडली.

वर्षाचं सुतक संपल्यावर देल्फिनानं बेनिग्नोशी लग्न केलं. बेनिग्नो म्हणजे साधा, कमी बोलणारा, कामाला वाघ. आगापिछा नव्हता, म्हणून तोच ऊर्सुलाच्या घरी राहायला आला आणि तिला आई म्हणायला लागला. पोरं झाली. ऊर्सुलाची आजी झाली. तिच्या रक्ताचं त्यांत कुणी नव्हतं, पण घर भरलं होतं. मृतांच्या सणाला ती अंगणात येऊन हाक मारायची, "एलिसेओ!" आणि खोरंभर टोप्या निघायच्या. तेवढ्या क्षणापुरतं तिला खरंच वाटायचं की तो तिथे आहे.

*

वसंतात, मांस न खाण्याच्या उपवासाच्या दिवसांत, आमच्याकडे पाट उपसतात. घरटी एक पुरुष फावडं घेऊन जातो, बायका दुपारचं जेवण पोचवतात, पोरं चिखलात लोळतात. त्या दिवशी बेनिग्नो पाटावर होता, देल्फिना पोरांना आणि जेवणाची टोपली घेऊन गेली होती. पाट घरासमोरच, हाकेच्या अंतरावर. ऊर्सुला एकटीच चुलीपाशी मोड आणलेल्या गव्हाची खीर ढवळत होती. मागच्या दारात कुणीतरी खोकलं.

"पाणी हवंय का? मडकं तिथेच आहे," ती वळून न बघता म्हणाली.

"आई."

पळी हातातून सुटली नाही, एवढंच. तिनं ती आणखी दोनदा फिरवली. मग म्हणाली, "आत ये. दार लावून घे."

तो आत आला. केस पांढरे, गाल बसलेले, अंगावरचा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा. हसला तेव्हा अर्धा दात दिसला. ऊर्सुलानं त्याच्याकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांत न रडलेली ती बाई तेव्हाही रडली नाही. तिला राग आला.

"मेला का नाहीस रे?"

"मेलोच की," एलिसेओ म्हणाला. "उत्तरेला मेंढ्यांच्या तळावर आपल्या बाजूचा एकजण भेटला. म्हणाला, मी एलिसेओच्या पायथ्याचा. मी म्हटलं, कुठला एलिसेओ? तर म्हणाला, आमचा डोंगर आहे, एका मेंढपाळाचं नाव दिलंय. फार चांगला माणूस होता म्हणे."

"मग तेव्हाच का नाही आलास?"

"कुठल्या तोंडानं येऊ? सगळ्या गावानं रडून घेतलं होतं."

"आणि आता कुठल्या तोंडानं आलास?"

तो खोकत खाली बसला. बराच वेळ खोकत राहिला. "आता तोंडाबिंडाचं काही राहिलं नाही, आई. कोळशाच्या खाणीत छाती गेली. डॉक्टर म्हणाला, पुढचा हिवाळा दिसणार नाही. म्हटलं, घरी जाऊन मरावं."

ऊर्सुलानं वाडगाभर खीर त्याच्यापुढे आदळली. "खा आधी." तो खायला लागला, आणि ती त्याच्या हाताकडे बघत राहिली. चमचा अजूनही डावखुरा. तिचा जीव तिळतिळ तुटला. या हाताला धरून आतल्या खोलीत न्यावं, पांघरूण घालावं, आणि जे होईल ते होऊ द्यावं, असं तिला इतकं वाटलं की तिनं चुलीचा काठ घट्ट धरून ठेवला.

"का गेलास तू? मला एवढंच सांग."

"माहीत नाही. मेंढ्या, बर्फ, मेंढ्या, बर्फ. बाप तसाच गेला, मीही तसाच जाणार. वाटलं, एक हिवाळा बाहेर काढू, वसंतात परत येऊ. मग वसंत गेला." त्यानं वाडगा पुसून खाल्ला. "देल्फिना कुठे आहे?"

"पाटावर. नवऱ्याला जेवण द्यायला गेलीय."

चमचा थांबला. "कुणाशी?"

"बेनिग्नोशी."

"तो मुका?" एलिसेओ हसायला गेला, पण खोकलाच आला. "माझ्याबरोबर लोकर कातरायचा तो."

"तोच. तुझ्यापेक्षा जास्त बोलला तो माझ्याशी. माझी लाकडं फोडतो. ताप आला तर उशाशी बसतो. तीन पोरं आहेत त्यांना. धाकटी आत्ताच चालायला लागलीय." ऊर्सुलाचा आवाज चढला आणि तिनं तो दाबला. "पाद्र्यानं लग्न लावलं, कारण तू डोंगर झाला होतास. आता तू माणूस झालास, तर देल्फिना कोण झाली? ती पोरं कुणाची? सांग ना! माझी शपथ खोटी झाली तर होऊ दे, मी म्हातारी, नरकात जाईन. पण त्या पोरांना गाव काय म्हणेल?"

"कुणाला सांगायचंच नाही. मी मागच्या खोलीत पडून राहीन. किती दिवसांचा प्रश्न आहे?"

"या गावात कोंबडी शिंकली तरी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. आणि देल्फिनापासून कसा लपशील? तिच्याच घरात?"

तेवढ्यात पुढच्या दारातून पेत्राच शिरली, हाक नाही, खोकणं नाही. "ऊर्सुले, खीर झाली का? तिकडे पुरुषांचे डोळे पांढरे झाले उपाशी..." तिनं पाहुणा पाहिला आणि तोंड उघडंच ठेवलं. "हे कोण?"

ऊर्सुलाला वाटलं, आत्ता जमीन फाटावी. एलिसेओनं मान खाली घातली. शेवटी ऊर्सुलाचीच जीभ हलली.

"वाटसरू आहे. दक्षिणेकडे चाललाय. भूक लागली म्हणाला."

"बरं केलंस हो. उपवासात पुण्य दुप्पट." पेत्रा टेकलीच. तिला नवा कान मिळाला होता. "पाहुणे, आमचे डोंगर पाहिलेत का? तो समोरचा, दोन खांद्यांचा, तो एलिसेओ. हिचाच मुलगा. हिनं अंगणातून हाक मारली की सगळं खोरं टोपी काढतं. राजालासुद्धा मिळत नाही असा मान."

"असं होय," एलिसेओ म्हणाला. "कसा होता तो?"

"सोनं होतं सोनं! कळपासाठी जीव दिला त्यानं. बायकोवर काय जीव, आईवर काय जीव! काही नतद्रष्ट लोक म्हणायचे की पळून गेला. मी त्यांना तेव्हाच सांगितलं, तोंड सांभाळा म्हणून." पेत्रानं डोळे पुसले, अगदी खरे अश्रू. "तुम्ही कुठले म्हणालात?"

"कुठलाच नाही, बाई."

"चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो."

"खाणीतल्या सगळ्यांचे चेहरे सारखेच होतात," तो म्हणाला, आणि ओठ मिटून हसला. दात दिसू दिला नाही.

ऊर्सुलानं खिरीचं पातेलं उचलून पेत्राच्या हातात कोंबलं. "जा, ने लवकर. निवेल." पेत्रा गेली, जाता जाताही वळून बघत. पातेलं गरम होतं म्हणून फार थांबता आलं नाही.

एलिसेओ उठला. त्याचा चेहरा आता शांत होता, आणि ते ऊर्सुलाला त्याच्या खोकल्यापेक्षाही वाईट वाटलं.

"चांगला मुलगा होता तुझा," तो म्हणाला.

"बोलू नकोस तसं."

"खरंच सांगतो. मी आयुष्यभर राबलो असतो तरी पेत्राच्या तोंडून हे निघालं नसतं." त्यानं टोपी उचलली. "देल्फिनाला लांबून बघून जाऊ?"

"नको."

"नुसतं लांबून, आई."

"ती तुला चालीवरून ओळखेल. मी नुसत्या आवाजावरून ओळखलं." ऊर्सुलानं दोन पोळ्या, मिरचीचा गोळा आणि चीजचा तुकडा फडक्यात बांधला. मग इतकी वर्षं घशात अडकलेलं तिनं विचारलं. "तिथे वर पुरलाय तो कोण?"

"कोण?"

"तुझा कोट घातलेला. घळीतला."

एलिसेओला आठवायला वेळ लागला. "हां, तो. खालच्या मुलखातला कुणीतरी होता, काम शोधत चालला होता. मी जाताना शेकोटीपाशी भेटला. थंडीनं कुडकुडत होता, कोट दिला त्याला. म्हटलं, मला आता खाणीकडे जायचं, मला कशाला. तो म्हणाला, तुझा कळप मी उद्या खाली नेतो." त्यानं टोपी हातात फिरवली. "मेंढ्या त्यानंच आणल्या असतील, म्हणजे निम्म्या वाटेपर्यंत."

"नाव काय होतं त्याचं?"

"विचारलं नाही."

"त्याला आई होती का?"

"आई, मी त्याला नावसुद्धा विचारलं नाही."

ऊर्सुला चुलीपाशी बसली. कुठल्या तरी गावात आणखी एक बाई खिडकीशी बसली असेल, शेजारणी तिला म्हणत असतील की पळून गेला तुझा. तिच्या मुलानं ऊर्सुलाच्या मुलाच्या मेंढ्या वाचवल्या, आणि ऊर्सुलानं त्याचं मरणसुद्धा उचलून आपल्या मुलाला दिलं. ती माउली मरेपर्यंत दार उघडंच ठेवील.

एलिसेओनं वाकून तिच्या हाताचं चुंबन घेतलं, लहानपणी चर्चला जाताना घ्यायचा तसं. फडकं काखेत मारलं. मागच्या दारानं बाहेर पडला आणि कुंपणाच्या कडेनं दक्षिणेच्या रस्त्याला लागला.

"कुठे जाशील?" तिनं दारातून विचारलं.

त्यानं खांदे उडवले आणि तो चालत राहिला.

ऊर्सुला दारात उभी राहिली. जाऊ दे, ती स्वतःला म्हणत होती, जाऊ दे, देल्फिनासाठी, पोरांसाठी. तो वळणापर्यंत पोचला. तिथे थांबून खोकला, फडकं सावरलं, पुन्हा पाय उचलला, आणि ऊर्सुलाच्या आतलं काहीतरी तुटलं. पोरं, शपथ, गाव, पाद्री, सगळं गेलं खड्ड्यात! ती घराला वळसा घालून धावत अंगणात आली, तिथून रस्ता दिसतो, आणि जिवाच्या आकांतानं ओरडली,

"एलिसेओ!"

समोर पाटावर फावडी थांबली. माना वर झाल्या. क्रेसेन्सिओनं टोपी काढली, बेनिग्नोनं काढली, झाडून सगळ्या पुरुषांनी काढल्या. देल्फिनानं धाकटीला कडेवरून उतरवून तिचं तोंड नीट त्या दिशेला केलं. सगळं गाव रस्त्याकडे पाठ करून डोंगराकडे वळलं आणि एका सुरात म्हणालं,

"त्याला विसावा मिळो."

रस्त्याच्या वळणावर एलिसेओ वळून उभा होता. त्यानं आईला पाहिलं, मग त्या सगळ्या पाठी पाहिल्या, देल्फिनाची पाहिली, पोरांच्या पाहिल्या. ऊर्सुलानं हात पुढे केला. पुन्हा हाक मारायला तोंड उघडलं, पण पुन्हा हाक मारली असती तर त्यांनी पुन्हा तेच म्हटलं असतं. लोकांनी टोप्या घालून फावडी उचलेपर्यंत रस्ता रिकामा झाला होता.

संध्याकाळी बेनिग्नो चिखलाचे पाय धुऊन आत आला. एरवी न बोलणारा, पण चुलीपाशी येऊन बसला.

"आई, आज मधेच हाक मारलीत? सण नाही, काही नाही."

"आठवण आली," ऊर्सुला म्हणाली.

"येणारच. पोटचा होता तो." त्यानं एक लाकूड चुलीत सरकवलं. "ऐकलं असेल त्यानं."

"हो," ऊर्सुला म्हणाली. "ऐकलं त्यानं."

मग तिनं पोरांना जेवायला हाक मारली, आणि सगळ्यांना वाढलं.